गरोदरपणात नाक चोंदलंय, सर्दी तर नाहीये. झोपायचं कसं?

रातजागी
(रात्री २.४७)

धाग्याची वेळ बघूनच कळलं असेल. नववा आठवडा चालू आहे. मळमळ होईल, थकवा येईल, उगाच रडू येईल, हे सगळं मैत्रिणींनी आधीच सांगून ठेवलं होतं. नाकाबद्दल मात्र एकीनेही चकार शब्द काढला नाही!

गेले जवळजवळ तीन आठवडे नाक बंद आहे. ताप नाही, घसा दुखत नाही, शिंका नाहीत, नाक गळतही नाही. शिंकरलं तर काही येत नाही. नुसतं आतून कोणीतरी बोळा कोंबून ठेवल्यासारखं. दिवसा निभतं, पण आडवं झालं की संपलं. उजव्या कुशीवर झाले की उजवी नाकपुडी गच्च. कूस बदलायची, दहा मिनिटं थांबायचं, मग आत कुठेतरी बारीक 'टक्' होतं आणि उजवी सुटते. तोवर डावी गेलेली असते. पहाटे जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली, ओठांची सालं निघालेली. परवा नवऱ्याने घोरण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आधी मला वाटलं शेजारी काहीतरी यंत्र चालू आहे.

तर प्रश्न असे. हे गरोदरपणामुळेच होतं का? गोळ्या-थेंब न घेता काय करता येईल? आणि हे कधी थांबतं? (खरं उत्तर द्या, धीर नको.) माझी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा विचारणारच आहे. पण रात्री आहेत ना मध्ये सात.

---

नाकतोडा

आयडी बघता या धाग्यावर पहिला प्रतिसाद द्यायचा हक्क माझाच. अनुभव शून्य. वाचतोय.

---

मधलीसून

रातजागी, हात मिळव. माझं सातव्या आठवड्यात सुरू झालं. मलाही वाटलं सर्दी आहे, आज जाईल, उद्या जाईल. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी नाव सांगितलं: प्रेग्नन्सी रायनायटिस. मराठीत म्हणायचं तर गरोदरपणातलं नाक चोंदणं, आजार वगैरे काही नाही.

खरं उत्तर हवंय म्हणतेस म्हणून सांगते, माझं शेवटपर्यंत टिकलं. मध्ये महिनाभर जरा बरं होतं, मग परत. पण बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांत असं गेलं की कधी गेलं तेही कळलं नाही. लेकीला पाजत होते, मान खाली घातली आणि एकदम तिच्या टाळूचा वास आला. तेव्हा लक्षात आलं, अरे, मला वास येतोय! सात महिन्यांत पहिल्यांदा.

---

जुनंखोड

आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. नाक बंद झालं तर तोंडाने श्वास घ्यायचा. प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव दिलं की तिचा आजार होतो.

---

मधलीसून

जुनंखोडताई, होतं हो तुमच्या वेळीही. नाव नव्हतं, एवढंच. हा प्रतिसाद मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "माझं तर दोन्ही खेपांना झालं होतं, पण सांगायचं कोणाला?" बघा आता.

---

दोन_थेंब

आयडी याच प्रकरणावरून घेतलाय, त्यामुळे सविस्तर लिहिते.

रातजागी, बाकी काहीही कर, पण मनाने ते नाक उघडायचे थेंब किंवा फवारा सुरू करू नकोस. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन ही त्यांची नावं. मी पहिल्या वेळेस घरात पडलेली बाटली उचलली. पहिल्या रात्रीचं काय वर्णन करू, स्वर्ग! तीस सेकंदांत दोन्ही नाकपुड्या सताड उघड्या. चौथ्या-पाचव्या दिवशी परिणाम चार तासांवर आला. दुसऱ्या आठवड्यात दोन तासांवर. मग एक बाटली उशीखाली, एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या खणात. प्रवासाला निघताना मोबाईल विसरला तर चालेल, बाटली विसरली तर परत फिरायचं.

झालं होतं असं की गरोदरपणाचं चोंदणं बाजूलाच राहिलं आणि थेंबांचंच चोंदणं सुरू झालं. हे थेंब आतल्या रक्तवाहिन्या आवळतात. परिणाम उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. म्हणूनच तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरू नका असं सांगतात. बाळ झाल्यावर सगळ्यांची नाकं उघडतात, माझं उघडलं नाही. शेवटी नाकाच्या डॉक्टरांनी युक्ती सांगितली: एका वेळी एकच नाकपुडी सोडवायची. उजवीत थेंब चालू, डावीचे बंद. आठवडाभर डावीने छळलं, मग ती सुटली. मग उजवी. दुसऱ्या खेपेला बाटली घरातच ठेवली नाही.

---

हसरी_मुद्रा

>>मोबाईल विसरला तर चालेल, बाटली विसरली तर परत फिरायचं

हे वाचून हसले आणि मग आठवलं, माझ्या पर्समध्येही एक आहे. (मी गरोदरही नाही.) लगेच बाहेर काढते.

---

कानघसा

मी कान-नाक-घसा विभागात बरीच वर्षं काम करते. कोणालाही इथून औषध सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला बघून सांगायचं. पण आत काय चाललंय ते सांगते, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंना भिंतीवर हाडाच्या वळ्या असतात, त्यांच्यावर स्पंजसारखं मऊ आवरण असतं. त्यात रक्त भरलं की ते फुगतं, उतरलं की आकसतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढत जातं, शेवटाकडे ते नेहमीपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी जास्त असतं. त्यात इस्ट्रोजेनसारखी संप्रेरकं (हार्मोन्स) आणि वारेतून (प्लासेंटातून) येणारं वाढीचं संप्रेरक यांचा परिणाम या आवरणावर होतो असं मानतात. म्हणजे रातजागीच्या नाकात कोंबलेला बोळा हा तिचाच फुगलेला स्पंज आहे. शेंबूड नाहीच, तर शिंकरून येणार काय? उलट जोर लावून शिंकरलं तर आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि रक्त येतं.

साधारण पाचात एकीला हे होतं. कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकतं. नाव द्यायची अट अशी की सहा आठवडे किंवा जास्त टिकलं पाहिजे, सर्दी-संसर्गाची किंवा ॲलर्जीची खूण नको, आणि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत पूर्ण गेलं पाहिजे. म्हणजे गंमत बघा, पक्कं निदान दुखणं गेल्यावरच होतं.

आता ते 'टक्'. ती शरीराची जुनीच सवय आहे. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या चालत नाहीत, काही तासांनी पाळी बदलतात. १८९५ साली रिखार्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी हे चक्र नोंदवलं. कुशीवर झोपलं की खालच्या बाजूची नाकपुडी फुगते आणि वरची सुटते. एरवी आपल्याला पत्ताही लागत नाही. स्पंज आधीच फुगलेला असला की मात्र प्रत्येक पाळी जाणवते. म्हणून झोपताना जी जास्त बंद आहे ती वर येईल अशा कुशीवर झोपून बघ.

---

रातजागी

कानघसा, हे वाचून आत्ता दुपारी आडवी होऊन प्रयोग केला. बारा मिनिटांत वरची सुटली! खालची गेली हे खरं, पण निदान आता मी ठरवून एक बंद करतेय.

---

नाकतोडा

माणसाला जन्मभर वाटतं की आपल्याला दोन नाकपुड्या आहेत. प्रत्यक्षात दीडच मिळते. जाता जाता, मी पंधरा मिनिटं आरशासमोर उभा राहून कोणती चालू आहे ते तपासतोय. बायको विचारतेय काय झालं.

---

चिमूटभर

मिठाच्या पाण्याने नाक धुणं कोणीच कसं सांगितलं नाही अजून? माझे पहिले चार महिने त्यावरच निघाले. औषध नाही, त्यामुळे बाळापर्यंत काही जाण्याचा प्रश्न नाही. डॉक्टरांनीही आधी हेच सांगितलं.

पण मी पहिल्यांदा जे केलं ते करू नका. नुसतं कोमट पाणी घेतलं, मीठ घातलंच नाही. कपाळाच्या मागे अशी जळजळ उठली की डोळ्यांतून धारा. आपल्या शरीरातल्या खारटपणाशी जुळतं पाणी लागतं. पाव लिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट छोट्या चमच्याचा अर्धा, त्याहून किंचित कमी. अंदाजाने चिमटी मारत बसू नका, आयडीवर जाऊ नका माझ्या. हे जमत नसेल तर तयार पुड्या मिळतात, किंवा तयार खारा फवारा. तो घेताना बाटलीवर वाचून घ्या. नुसतं मीठ-पाणी हवं, वरच्या दोन_थेंबवाला माल नको. दोन्ही बाटल्या दिसायला जुळ्या बहिणी असतात.

आणि पाणी उकळलेलंच. नळाचं थेट नाही, फिल्टरचं आहे म्हणून चालेल असंही नाही. खळखळ उकळी आल्यावर निदान मिनिटभर ठेवायचं, मग झाकून कोमट होऊ द्यायचं. गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा असतो, नेग्लेरिया फाउलेरी. प्यायलात तर काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस सहसा वाचत नाही. अत्यंत दुर्मीळ आहे, घाबरवायला सांगत नाही. पण उकळायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्या.

पद्धत अशी: बेसिनवर वाकायचं, मान एका बाजूला कलती, तोंड उघडं आणि श्वास तोंडानेच. नेतीपात्राने (नाक धुवायच्या चोचीच्या भांड्याने) वरच्या नाकपुडीत हळू ओतायचं, खालच्यातून येतं. मध्येच बोलायचं नाही! मला तेव्हाच नवऱ्याने हाक मारली आणि मी "काय?" म्हणाले. पाणी कुठून कुठे गेलं ते विचारू नका. झाल्यावर वाकूनच राहायचं आणि शिंकरायचं हलकेच, एकेक बाजू. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर कानात दडे बसतात. आणि नेतीपात्र धुऊन पूर्ण कोरडं करून ठेवायचं.

झोपायच्या तासभर आधी केलेलं मला मानवलं. लगेच आडवं झालं तर राहिलेलं पाणी उशीवर येतं.

---

हसरी_मुद्रा

"काय?" म्हणाले. :हहपुवा:
संसारात या एका शब्दाने किती अपघात झालेत!

---

वाफाळ

वाफ घ्या, वाफ! दिवसातून पाच वेळा घेत होते मी. हाय काय, नाय काय!

---

भाजली_बोटं

वाफाळ, इथे थोडी असहमती. वाफेने बरं वाटतं, मान्य. ओलावा मिळतो, सुकलेलं सुटतं. पण ते बरं वाटणं माझ्या बाबतीत पंधरा मिनिटं टिकायचं, कारण फुगलेला स्पंज वाफेने उतरत नाही. आणि उकळत्या पाण्याचं भांडं मांडीजवळ घेऊन, डोक्यावर टॉवेल ओढून, झोपेने पेंगत बसायचं हे अपघाताला आमंत्रण आहे. माझ्या बहिणीच्या मांडीवर भांडं कलंडलं. पंधरा दिवस मलमपट्टी, आणि नाक होतं तिथेच. मी नुसती भांडं सावरायला गेले, त्यावरून हा आयडी.

घ्यायचीच तर भांडं टेबलावर, भिंतीला टेकवून, चेहरा हातभर लांब. नाहीतर सरळ न्हाणीघराचं दार लावून गरम पाणी सोडा आणि आतच, धारेपासून लांब स्टुलावर बसा.

---

वाफाळ

बरं बाई, टेबलावर. पण ते गार गार वाटतं ते? त्यात मेंथॉलची कांडी घातली की माझं नाक लगेच उघडायचं.

---

कानघसा

उघडायचं नाही, उघडल्यासारखं वाटायचं. :) मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं. मेंदूला वाटतं की गार हवा आत येतेय, म्हणजे वाट मोकळी झाली. मोजून बघितलं तर हवा तेवढीच. झोप लागण्यापुरती ही फसवणूक वाईट नाही म्हणा, पण गरोदरपणात कापूर-मेंथॉलचे बाम किती आणि कुठे लावायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारून. नाकपुडीच्या आत बोटाने अजिबात नाही. आणि कापूर पोटात जाणं सरळ विषारी आहे, त्यावर चर्चाच नको.

---

घोरेश्वराचा_बळी

नवऱ्यांची बाजू मांडतो. माझी बायको तिसऱ्या महिन्यात घोरायला लागली. लग्नाला सहा वर्षं, एकदाही घोरली नव्हती. सकाळी मी सांगितलं तर म्हणे, "मी? शक्यच नाही, मी रात्रभर जागीच होते."

डोकं उंच ठेवा असं कुठेतरी वाचलं. मी उत्साही माणूस. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली जाडजूड पुस्तकं लावली. पहिल्या रात्री दोघंही हळूहळू घसरत पायथ्याशी जमा झालो. दुसऱ्या रात्री एक पुस्तक निसटलं आणि पलंग तिरका बसला. तिसऱ्या दिवशी अक्कल आली. फक्त तिच्याकडच्या बाजूला उशांचा उतार केला, कमरेपासून वर चढत जाणारा. नुसत्या डोक्याखाली दोन उशा ठेवल्या की मान मोडते आणि हनुवटी छातीला लागते, मग श्वास अजूनच अडकतो. पाठीसकट वर यायला पाहिजे. रक्त खाली उतरतं म्हणून नाकाची सूज थोडी कमी होते, असं नंतर कळलं.

नवरे मंडळींना एकच सांगतो. रेकॉर्डिंग करून हसू नका. ऐका. मध्ये श्वास थांबतोय का, मग दचकून हुंदका दिल्यासारखा परत सुरू होतोय का? हिचं तसं होत होतं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ते गंभीरपणे घेतलं, रक्तदाबावरही जास्त लक्ष ठेवलं. झोपेत श्वास थांबणं आणि गरोदरपणातला वाढता रक्तदाब यांचं नातं असतं म्हणाले.

---

रातजागी

बळीभाऊ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला दाखवला. त्याने रेकॉर्डिंग परत शांतपणे ऐकलं. श्वास थांबत नाहीये, नुसताच गडगडाट आहे. तरी विचारणार.

एक कबुली देते. काल रात्री औषधांच्या डब्यातली सर्दीची गोळी हातात घेतली होती. पाकीट फोडलंही होतं. मग हा धागा आठवला. त्यात तीन-तीन औषधं असतात, बरोबर ना?

---

कानघसा

बरोबर केलंस. त्या मिश्र गोळ्यांत बहुधा एक तापाचं, एक शिंकांचं आणि एक नाक उघडणारं औषध असतं. नाक उघडणारं स्यूडोएफेड्रिन असेल तर पहिल्या तिमाहीत ते टाळायला सांगतात, कारण बाळाच्या पोटाच्या भिंतीतल्या एका दुर्मीळ दोषाशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे त्यांनी तर नंतरही नको. आणि फिनाइलएफ्रिन असेल तर पोटात घेऊन ते नाक उघडतच नाही! अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी २०२३ साली एकमताने तसं सांगितलं आणि २०२४ मध्ये प्रशासनाने ते अशा गोळ्यांतून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. मग उगाच का घ्या?

ज्यांनी नकळत एखादी घेतली असेल त्यांनी झोप उडवून घेऊ नये. पुढच्या तपासणीला गोळीचं नाव दाखवा, बस.

---

सुगंधी_शत्रू

सगळे रडताहेत, म्हणून मी उलटं लिहिते. मला बंद नाकाने वाचवलं! सहाव्या आठवड्यापासून प्रत्येक वासाने उलटी. साबण, फोडणी, नवऱ्याची मान. आठव्यात नाक गच्च झालं आणि वास बंद. उलट्या निम्म्यावर. मी नाकाला हात जोडले आणि म्हटलं, असाच राहा रे बाबा.

---

नाकतोडा

नवऱ्याची मान :खोखो:
नाक मुरडायलाही नाक चालू लागतं, हे आज कळलं.

---

शब्दखुळी

अवांतर: मराठीत नाकावर केवढं लिहून ठेवलंय. नाकी नऊ, नाकात दम, नाकावर राग, नाकापेक्षा मोती जड, नाक दाबलं की तोंड उघडतं. शेवटचं तर या धाग्याचं ब्रीदवाक्य व्हावं. शब्दशः खरं आहे.

---

दोन_थेंब

आणि नाकी नऊ, महिनेही नऊ. _/\_

---

गालगुच्चा

अवांतर आवरा, माझा एक अनुभव घ्या. सगळं गरोदरपणावर ढकलू नका.

मलाही महिनाभर असंच होतं. मग एका आठवड्यात बदललं. एका बाजूचा गाल ठणकायला लागला, वाकलं की जास्त. वरच्या दाढा दुखायला लागल्या, म्हणून मी आधी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. दात ठणठणीत. नाकातून घट्ट पिवळंहिरवं, आणि मग ताप. ते सायनसचं इन्फेक्शन निघालं. गरोदरपणात चालणारं औषध असतं, ते दिलं आणि चार दिवसांत गाल हलका झाला. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, चेहरा एका बाजूला दुखला, किंवा दहा दिवस झाले तरी घाण येतच राहिली तर "हे असंच असतं" म्हणत बसू नका. आणि धाप लागत असेल तर धागा वाचत बसू नका, निघा.

---

परागकण

गालगुच्चाला अनुमोदन, आणि एक उपप्रकार माझा. मला आधीपासून ॲलर्जी आणि दमा. चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी मी आपल्या मनाने सगळं बंद केलं, नाकातला फवाराही आणि दम्याचा पंपही. वाटलं बाळासाठी चांगलं. तीन आठवड्यांनी रात्री जिना चढता येईना. डॉक्टर मला पहिल्यांदाच रागावल्या. दमा आटोक्यात नसणं बाळाला जास्त वाईट, कारण तुला श्वास नाही तर त्याला ऑक्सिजन कुठून, म्हणाल्या. पंप परत सुरू झाला. नाकातला स्टेरॉइडचा फवारा बदलून ब्युडेसोनाइड दिला, कारण गरोदरपणात त्याचा अनुभव बराच आहे.

मैत्रिणीने माझं बघून तोच मागितला. तिला ॲलर्जी नव्हतीच, नुसतं हे चोंदणं. तिला डॉक्टरांनी सांगितलं की निव्वळ गरोदरपणाच्या चोंदण्यावर स्टेरॉइडच्या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा शिंका, नाकाला-डोळ्याला खाज, पाणी असेल तर वेगळी गोष्ट, नुसता बोळा असेल तर वेगळी.

---

पट्टीची_झोपणारी

नाकावर आडवी लावायची चिकटपट्टी वापरली का कोणी? मी सहा महिने लावली. नाकपुड्या बाहेरून ओढून धरते, औषध काही नाही त्यात. लागू पडेल का ते आधीच बघता येतं. नाकाशेजारी गालावर बोट ठेवून हलकेच बाहेर ओढा. श्वास सुटल्यासारखा वाटला तर पट्टीने फरक पडण्याची शक्यता आहे. नाही वाटला तर पैसे वाचले. लावण्याआधी नाक धुऊन कोरडं करा, नाहीतर मध्यरात्री ती केसांत सापडते. सकाळी ओल्या बोटाने सोडवा, फर्रकन ओढली तर कातडी येते. (अनुभवाचे बोल. बारशाच्या फोटोत नाकावर लाल पट्टा आहे.)

---

लालटिपका

मला कोणी सांगेल का, रोज सकाळी रुमालावर रक्ताचा ठिपका येतो. घाबरू का? बारावा आठवडा.

---

कानघसा

ठिपक्याला घाबरू नकोस. गरोदरपणात हे बऱ्याच जणींना होतं, वाहिन्या भरलेल्या आणि त्वचा सुकलेली. मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याने ओलावा ठेव, बोट घालू नकोस. धार लागली तर बसून पुढे वाकायचं, मागे नाही, आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटं न सोडता धरायचा. दर मिनिटाला सोडून बघायचं नाही, सगळ्या तिथेच चुकतात. तेवढ्यानेही थांबलं नाही, किंवा वारंवार व्हायला लागलं, तर डॉक्टर.

---

जुनंखोड

सगळं वाचलं. वर जरा फटकन बोलले होते. आज दुपारी बसल्या बसल्या आठवलं, धाकट्याच्या वेळी मी चार महिने आरामखुर्चीत झोपत होते. कारण काय, ते कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. स्वतःलाही नाही बहुतेक.

एक सांगते. संध्याकाळी भरभर चालून आलं की माझं नाक तासभर मोकळं असायचं. का ते माहीत नाही.

---

कानघसा

ताई, बरोबर निरीक्षण. व्यायामाने नाकातल्या वाहिन्या आपोआप आवळल्या जातात, तेही थेंबांसारखा सूड न उगवता. डॉक्टरांनी चालायला मना केलं नसेल तर दिवसाकाठी अर्धा तास चालावंच. फक्त झोपेच्या अगदी तोंडावर नको, मग झोपच येत नाही.

---

रातजागी
(दोन आठवड्यांनंतर)

धागाकर्ती परत आलीये. अकरावा संपत आला.

तपासणी झाली. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून बघितलं, रक्तदाब बघितला, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, गरोदरपणाचंच आहे. घोरण्याचंही सांगितलं, दर वेळी विचारणार आहेत. मी विचारलं, कधी जाईल? हसल्या. मधलीसून, तुझं उत्तर खरं होतं.

आता काय काय चालू आहे ते सांगते, पुढे कोणाला उपयोगी पडेल. संध्याकाळी चालणं. रात्री उकळलेल्या पाण्याने नाक धुणं. पहिल्या दिवशी जळजळलं, कारण मी घाईत पाणी पुरतं निवू दिलं नव्हतं. कोमट म्हणजे कोमट. कमरेपासून उशांचा उतार, जो मधल्या रात्री एकदा कोसळतो. पट्टी लावली, गालावर बोट ठेवायची परीक्षा पास झाले होते, तरी मला तिचा चिकटपणा सोसेना, सोडून दिली. खोलीत ओलावा सोडणारं यंत्र आणलं होतं, पण ते रोज धुवायला लागतं, नाहीतर त्यातच बुरशी होते म्हणे. तीन दिवस धुतलं, चौथ्या दिवशी माळ्यावर. उशाशी पाणी आणि ओठांना लावायला साधं पेट्रोलियम जेली.

नाक उघडलं का? नाही. पण आधी रात्री सहा वेळा उठायचे, आता दोनदा. त्यातली एक खेप बाथरूमची असते, तिचा नाकाशी संबंध नाही.

---

चिमूटभर

वा! आणि कोणी हाक मारली तर?

---

रातजागी

नवऱ्याला सांगून ठेवलंय, बेसिनपाशी असताना घराला आग लागली तरी हाक मारायची नाही. येऊन खांद्याला हात लावायचा.

---

नवी_पाहुणी
(रात्री ३.१२)

सगळा धागा एका दमात वाचला, तोंडाने श्वास घेत. आठवा आठवडा. मला वाटत होतं मी एकटीच जागी आहे.

---

रातजागी
(रात्री ३.१५)

नाहीस गं. बोल, आत्ता कोणती बंद आहे?

---

नवी_पाहुणी
(रात्री ३.१६)

डावी.

---

नवी_पाहुणी
(रात्री ३.२९)

थांब. बदलली.